पत्ता असून बेपत्ता

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठी माणसाने सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कोणतं, याची कुणी पाहणी केली तर "सर्व्हर डाउन आहे" हे वाक्य बिनविरोध निवडून येईल. सातबारा मागा, उत्पन्नाचा दाखला मागा, पासबुकावर नोंद मागा, खिडकीपलीकडून हेच उत्तर येतं. तेही अशा सुरात येतं, की ऐकणाऱ्याने सर्व्हरच्या तब्येतीबद्दल दोन शब्द हळहळून घरी जावं. प्रत्यक्षात सर्व्हर दूर मुंबई-पुण्याकडे, थंडगार खोलीत, जनरेटरांच्या राखणीत ठणठणीत असतो. पडलेला असतो तो खिडकीच्या आतल्या बाजूचा एक चपटा डबा. तो लोखंडी कपाटावर, जुन्या मतदार याद्यांच्या गठ्ठ्यामागे ठेवलेला असतो. त्याला आठ, सोळा नाही तर चोवीस भोकं असतात, प्रत्येक भोकात एक निळी वायर आणि वायरींवर थेट स्थापनेच्या वर्षापासूनची धूळ. हा नेटवर्क स्विच. कचेरीतले सगळे संगणक, प्रिंटर आणि कॅमेरे एकमेकांशी बोलतात ते त्याच्यामार्फत. पण तो पडला तरी नाव सर्व्हरचं होतं, कारण सर्व्हर दूर आहे आणि दूरच्याला दोष देणं नेहमीच सोयीचं असतं. कपाटावर चढून पाहणं गैरसोयीचं.

या डब्याबद्दलची मुख्य गंमत अशी, की त्याला स्वतःचं काम करण्यासाठी आयपी पत्ता लागतच नाही. प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा एक क्रमांक मिळतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. कोणत्या भोकातून कोणता क्रमांक बोलला, हे स्विच मुकाट्याने पाहतो, पाठ करतो आणि पुढचा निरोप नेमका त्या भोकात सोडतो. बाजारात हजार-बाराशेला मिळणारा साधा स्विच हे काम जन्मभर बिनपत्त्याने करतो. पत्ता लागतो तो दुसऱ्या कुणाला तरी त्याची चौकशी करायची असते तेव्हा: बाबा रे, जागा आहेस का, किती भोकं चालू आहेत, किती माल गेला, चूक कुठे होतेय. थोडक्यात, काम करणाऱ्याला पत्ता लागत नाही, कामाचा अहवाल मागणाऱ्याला लागतो. सरकारी असो वा खासगी, ज्याने कुठेही नोकरी केली आहे त्याला हे तत्त्व वेगळं समजावून सांगायला नको. मात्र एवढ्यावरून पत्ता हे साहेबी थोतांड आहे असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. माझं म्हणणं उलट आहे. पत्ता द्यायलाच हवा. पण पत्ता देणं आणि विचारपूस करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपण पहिलं करून दुसऱ्याचं श्रेय घेतो.

पत्ता का हवा, हे समजायला खुलताबादइतकं योग्य गाव नाही. हे तालुक्याचं ठिकाण जिल्ह्याच्या गावापासून, म्हणजे छत्रपती संभाजीनगरपासून, पंचवीसेक किलोमीटरवर आहे. तालुक्याला कचेऱ्या, बँका, शाळा, सेवा केंद्रं. शिवाय वेरूळ, घृष्णेश्वर, भद्रा मारुती आणि दर्ग्यांमुळे बारा महिने माणसांची वर्दळ. म्हणजे स्विच इथे आणि स्विच जाणणारा संभाजीनगरला. स्विचला पत्ता नसेल तर निदान फोनवर होतं. "कोणता दिवा लागलाय?" "ट्यूबलाइट लागलीय, साहेब." "अहो, डब्यावरचा!" "डब्यावर सगळे हिरवे आहेत. एक नारंगी आहे." "नारंगी लुकलुकतोय की नुसता लागलाय?" "मघाशी लुकलुकत होता. मी वायर जरा हलवली, आता कोणताच लागत नाही." यानंतर तंत्रज्ञ मोटरसायकल काढतो. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा इथवर ठीक जातं. पुढे दौलताबादला रस्ता जुन्या दिल्ली दरवाजातून जातो. शनिवार-रविवार असेल तर वेरूळला निघालेल्या बस आणि मोटारी त्या दरवाजासमोर, एकाच वेळी आत शिरण्याच्या निर्धाराने उभ्या असतात. शत्रूला थोपवण्यासाठी बांधलेली तटबंदी आज तंत्रज्ञाला थोपवून आपलं कर्तव्य चोख बजावते. तो अखेर पोचतो, डब्याची पिन काढतो, दहापर्यंत आकडे मोजतो आणि परत खोचतो. नेट सुरू. अर्धा दिवस प्रवास, दहा सेकंद दुरुस्ती. त्याच डब्याला पत्ता असता, तर हेच काम शहरात बसून एका आज्ञेत झालं असतं. निदान दोष डब्यात आहे की रस्त्यात जेसीबीने फायबर उखडलंय, एवढं तरी घर सोडण्याआधी कळलं असतं.

तेव्हा पत्ता द्यायचा ठरतो, आणि इथून माणसाच्या स्वभावाचा कारभार सुरू होतो. वास्तविक सोय उत्तम आहे. खासगी जाळ्यांसाठी फेब्रुवारी १९९६ मध्येच पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवले गेले. त्यांतल्या १० ने सुरू होणाऱ्या एकाच पट्ट्यात १,६७,७७,२१६ पत्ते बसतात. पहिला आकडा १०, दुसरा जिल्हा, तिसरा तालुका, चौथा यंत्र, अशी आखणी केली तर महाराष्ट्राचे ३६ जिल्हे २५६ च्या रकान्यात ऐसपैस मावतात. आपल्या जिल्ह्याचे नऊ तालुके मावतात आणि प्रत्येक तालुक्याला अडीचशे यंत्रं मिळतात. पत्ता नुसता वाचला की यंत्र खुलताबादचं की सोयगावचं, हे कळावं, इतकी सरळ गोष्ट. पण आखणी कागदावर उतरते न उतरते तोच मान-अपमान सुरू होतात. "साहेबांच्या दालनातल्या स्विचचा शेवटचा आकडा सतरा?" "हो, क्रमाने आला." "क्रमाने काय आला? एक द्या." गाडीला एमएच-२० च्या पुढे पसंतीचा नंबर मिळावा म्हणून पैसे मोजणारा आपला समाज आयपी पत्त्यातही पसंती शोधतो. एक क्रमांक साहेबांना जातो, दोन उपसाहेबांना. ज्या मुख्य स्विचवर सगळं गाव लटकलेलं असतं तो २३७ वर जातो आणि विसरला जातो. जिथे आखणीच नसते तिथे कारखान्यातून आलेला १९२.१६८.१.१ हाच पत्ता राहतो. मग कुणीतरी मोबाइलला वाय-फाय मिळावं म्हणून घरचा जुना राउटर आणून भिंतीतल्या मोकळ्या भोकात खोचतो. त्याचाही पत्ता १९२.१६८.१.१ असतो. वर तो उत्साहाच्या भरात सगळ्या कचेरीला स्वतःकडचे पत्ते वाटत सुटतो. दुपारपर्यंत निम्मी कचेरी त्याच्या मागे आणि निम्मी बाहेर चहाला.

मग कुणीतरी जाणकार म्हणतो, सगळे पत्ते नव्याने द्या. यावर इतिहास या परिसरातच एक दाखला ठेवून गेला आहे. १३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने राजधानीचा पत्ता दिल्लीहून बदलून दौलताबाद केला आणि काही वर्षांनी पुन्हा दिल्ली केला. योजनेत भूगोलाच्या दृष्टीने तथ्य होतं, असं म्हणणारे इतिहासकार आहेत. फसलं ते स्थलांतर. नेटवर्कचंही तसंच होतं. नवे पत्ते एका रात्रीत दिले जातात. जुने पत्ते प्रिंटरमध्ये, कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमध्ये आणि देखरेखीच्या पडद्यावर वर्षानुवर्षं राहून जातात. नावांचं तर विचारू नका. खडकीचं फत्तेनगर झालं, फत्तेनगरचं औरंगाबाद झालं, २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचं छत्रपती संभाजीनगर झालं. रस्त्यावरचा फलक एका रात्रीत बदलता येतो. स्विचच्या आत लिहिलेलं नाव बदलायला मात्र कुणीतरी आत शिरावं लागतं, आणि आत शिरायचा पासवर्ड बदली झालेल्या माणसाबरोबर नांदेडला गेलेला असतो.

समजा, पत्ते नीट दिले. आता विचारपूस. सर्वांत सोपी विचारपूस म्हणजे पिंग. माइक म्यूस या अमेरिकन प्रोग्रॅमरने डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडीच्या सोनारसारखा आवाज द्यायचा आणि प्रतिध्वनी येतो का पाहायचं, एवढंच त्याचं काम. पिंग म्हणजे शाळेतली हजेरी. "हजर" म्हणणारा मुलगा वर्गात आहे, इतकंच त्यातून सिद्ध होतं. त्याने गृहपाठ केला आहे, तो जागा आहे किंवा तो तोच मुलगा आहे, यांपैकी काहीही सिद्ध होत नाही. स्विचमध्ये पिंगला उत्तर देणारा छोटा प्रोसेसर वेगळा आणि निरोपांची वाहतूक करणारी चिप वेगळी. चोवीसपैकी दहा भोकं मेलेली असली तरी प्रोसेसर तत्परतेने ओ देतो. भद्रा मारुतीची मूर्ती निद्रावस्थेत आहे आणि देवस्थान जागृत आहे, अशी भक्तांची श्रद्धा. हनुमान जयंतीला त्या श्रद्धेने लोक रात्रभर चालत खुलताबादला येतात. स्विचच्या बाबतीत श्रद्धा नेमकी उलटी ठेवावी लागते: दिसतो जागा, असतो झोपलेला. पडद्यावर हिरवा ठिपका दिसला की आपण निर्धास्त होतो. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा घाईने देवगिरीवर, म्हणजे दौलताबादच्याच किल्ल्यावर, चढवलेली धान्याची पोती मिठाची निघाली, असं सांगतात. गडावर त्या दिवशी पोत्यांचीही हजेरी पूर्ण भरली असणार. पोती मोजली गेली, कुणी पोत्यात हात घातला नाही.

हात घालायची सोय १९८८ पासून आहे. तिचं नाव एसएनएमपी. त्यातल्या पहिल्या एस चा अर्थ 'सोपा' असा आहे. तो विनोद होता की काय, हे तिच्या वाटेला गेलेल्यांनी ठरवावं. या पद्धतीने स्विचला विचारता येतं, की कोणत्या भोकातून किती बाइट गेले, किती निरोप खराब निघाले, तू किती वेळ चालू आहेस. त्यासाठी एक परवलीचा शब्द लागतो, आणि कारखान्यातून तो बहुधा 'पब्लिक' असा येतो. बदल करण्याचा अधिकार देणारा शब्द 'प्रायव्हेट' असा येतो. हे दोन्ही शब्द जगातल्या प्रत्येक भुरट्याला पाठ आहेत. न बदललेले राहतात तेव्हा त्यांचा उपयोग आपल्यापेक्षा त्यालाच जास्त होतो. शिवाय उत्तर मिळालं म्हणजे खरं मिळालं असंही नाही. जुन्या पद्धतीचा बाइट-मीटर ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत मोजतो आणि मग निमूटपणे शून्यावर येतो. गिगाबिटची वाट तुडुंब भरून वाहत असेल तर ही फेरी ३४ सेकंदांत पुरी होते. आपण दर पाच मिनिटांनी विचारायला गेलो, तर मीटर मधल्या वेळात आठ वेळा शून्य होऊन बसलेलं असतं आणि आलेखावर वाहतूक नगण्य दिसते. 'किती वेळ चालू आहे' हा आकडाही ४९७ दिवसांनी शून्यावर येतो. त्या दिवशी पडद्याला वाटतं, स्विच आत्ताच सुरू झाला. घड्याळ लावून दिलेलं नसेल, तर एका नामांकित कंपनीचे स्विच आपल्या दैनंदिनीत १ मार्च १९९३ ही तारीख घालतात. चौकशी समितीला अहवाल मिळतो, की काल रात्रीचा बिघाड तीस वर्षांपूर्वी झाला. ६४ बिटांचं मोठं मीटर आणि वेळ जुळवणारी एनटीपी हे दोन्ही उपाय स्विचमध्ये आयते असतात. ते चालू करावे लागतात, एवढीच त्यांची अट, आणि नेमकी तीच जाचक ठरते.

यंत्राला कितीही विचारा, घात बहुधा माणूसच करतो, आणि तोही नीटनेटकेपणाच्या हौसेने. कपाटामागे वायरीचं एक टोक मोकळं लोंबतंय असं पाहुणे येण्याआधी कुणाच्या तरी लक्षात येतं. मोकळं टोक आणि मोकळं भोक एकत्र दिसलं, की मराठी हात स्वस्थ बसत नाही. त्या वायरीचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये आधीपासून खोचलेलं असतं. मग एकच निरोप गोल फिरत राहतो, प्रत्येक फेरीला त्याच्या प्रती निघतात, सगळे दिवे एकाच लयीत वेड्यासारखे लुकलुकतात आणि सगळ्या कचेरीचं काम थांबतं. "बघा, किती जोरात चाललंय नेट!" असं म्हणून वायर खोचणारा समाधानाने मागे सरतो. राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये या गोल फिरण्यावर स्पॅनिंग ट्री नावाचा उतारा शोधून ठेवला आहे. पण तो चालवायला शहाणा स्विच लागतो, आणि खरेदीच्या वेळी हजार-बाराशेचा घेऊन पैसे वाचवलेले असतात.

हे सगळं एकाच पडद्यावर पाहायचं ठरलं की कंट्रोल रूम उभी राहते. तिच्या उद्घाटनाला फीत कापली जाते, भिंतभर पडदा उजळतो, ठिपके हिरवे होतात, फोटो निघतात. दुसऱ्या आठवड्यात एक स्विच पडतो. तो स्वतः, त्याच्यामागचे चोवीस कॅमेरे, दोन प्रिंटर आणि हजेरीचं यंत्र, प्रत्येकाच्या नावाने स्वतंत्र तक्रार येते. एका पिनेसाठी अठ्ठावीस संदेश! तिसऱ्या आठवड्यात संदेशांचा आवाज बंद केला जातो, चौथ्यात ते निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याच्या मेलवर जाऊ लागतात. पडदा भरून अहवाल आणि हाती काही नाही, या अवस्थेचा सर्वांत थोर साक्षीदार खुलताबादेतच विसावला आहे. मुघलांनी सुभ्यासुभ्यांत बातम्या टिपणारे वाकेनवीस नेमले, त्यांच्यावर नजर ठेवायला खुफियानवीस नेमले आणि निरोप पळवायला हरकारे ठेवले. एवढी बातमीची यंत्रणा त्या काळात फार थोड्यांकडे होती. औरंगजेब १६८१-८२ मध्ये दक्षिणेत उतरला. कुठे काय बिघडलं, हे त्याला छावणीत बसून रोज कळत होतं, आणि तरी दक्षिण हाती न लागता १७०७ मध्ये अहमदनगरला त्याचा अंत झाला. त्याच खुलताबादेत मलिक अंबरचीही कबर आहे. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली आणि डोंगरातलं पाणी भुयारी नळांनी शहरात आणलं. ती नहर पुढे शतकानुशतकं पाणी देत राहिली. तिच्यावर भिंतभर पडदा नव्हता. पण आत उतरून पाहायला आणि साफ करायला जागोजागी मनोरे नि झरोके ठेवलेले होते. एकाकडे बातमी होती, दुसऱ्याने उतरायची वाट ठेवली होती. स्विचचा आयपी पत्ता यांपैकी काय व्हावा, हे आपण ठरवायचं असतं, आणि आपण बहुधा बातमीवर भागवतो.

यावर आक्षेप येतात, आणि ते अगदीच टाकाऊ नसतात. पहिला असा, की आमची कचेरी चार टेबलांची, बिनपत्त्याचा स्विच पुरे. मान्य. डबा तुमच्या नजरेसमोर असेल तर डोळे हीच उत्तम देखरेख. पण तो खांबावरच्या पेटीत किंवा गच्चीच्या जिन्यात गेला, की डोळ्यांची हद्द संपते. दुसरा आक्षेप सुरक्षेचा. पत्ता दिला म्हणजे चोराला दार दाखवलं. हेही खरं आहे, म्हणूनच देखरेखीची वाट बाकीच्या वाहतुकीपासून वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवतात, उघडा टेलनेट बंद करून एसएसएच वापरतात, एसएनएमपीची तिसरी आवृत्ती लावतात आणि 'ॲडमिन-ॲडमिन' ही जोडी फोडतात. दार असण्यापेक्षा दार उघडं टाकून जत्रेला जाणं जास्त धोक्याचं. तिसरा आक्षेप आधुनिकांचा: आता सगळं क्लाउडवर आहे, स्विच स्वतःच कंपनीला कळवतो. तो कळवतो खरा, पण इंटरनेटवरून. "इंटरनेट बंद पडलं आहे" हा निरोप इंटरनेटवरून कसा जातो, याचं उत्तर विक्रेता चहा संपेपर्यंत देत नाही. चौथा आक्षेप सर्वांत जुना: माणूस नाही, निधी नाही. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेने देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचं ठरवलं. राज्यात महानेट आलं. म्हणजे तार ओढायला निधी मिळतो, तारेच्या टोकाशी काय आहे हे लिहून ठेवायला मिळत नाही. त्या कामाला निधी लागतच नाही, आणि ज्याला निधी लागत नाही ते काम कुणाच्याच नावावर पडत नाही. या दुर्लक्षात आम्ही विनोदी लिहिणारेही मागे नाही. नेट चालू असताना स्विचवर लेख लिहायचं कुणाला सुचत नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्या कचेरीत, शाळेत, पतसंस्थेत किंवा सोसायटीत असा डबा असेल, तर एवढं करा. त्याला पत्ता द्या आणि तो पत्ता डब्यावर ठसठशीत चिकटवा. कारखान्याचा पासवर्ड आजच बदला. घड्याळ लावून द्या. पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका, महिन्यातून एकदा भोकांचे आकडे मागवून पाहा. मोकळी वायर दिसली तर हात खिशात घाला. आणि साध्या कागदी वहीत तीन गोष्टी लिहा: डबा कुठे आहे, पत्ता काय आहे, बिघडल्यावर जाणार कोण आहे. ही वही संगणकात ठेवू नका. तिची गरज पडेल तेव्हा नेमकं नेट बंद असतं.